'गेट', 'रन' आणि 'ऑफ': छोटे इंग्रजी शब्द कसे वाचावेत

मराठी नव्याने शिकणाऱ्या एखाद्याला 'लागणे' हे क्रियापद समजावून सांगून बघा. भूक लागते, ठेच लागते, दिवा लागतो, नोकरी लागते. वेळ लागतो, डोळा लागतो. तो माझा मामा लागतो. पोर रडायला लागतं. बस फलाटाला लागते आणि एखाद्याला बस लागते, ती मात्र फलाटाला नव्हे, पोटाला. यात आपण कधी अडखळत नाही, कारण 'लागणे' सुटं काढून त्याचा अर्थ आपल्याला कुणी पाठ करायला लावलाच नाही. 'भूक लागली' हे अख्खं कानावर पडलं, 'दिवा लागला' हेही अख्खंच.

इंग्रजी शिकताना मात्र आपण नेमकं उलटं करतो. गेट म्हणजे मिळणे, टेक म्हणजे घेणे, रन म्हणजे धावणे, अशा जोड्या वहीत उतरवतो. मग 'माय नोज इज रनिंग' वाचलं की नाक पळत सुटल्याचं चित्र डोळ्यांसमोर येतं. वाक्यातला प्रत्येक शब्द ओळखीचा असतो, तरी वाक्य हाती लागत नाही. ज्यांची गाडी इथे अडली आहे त्यांच्यासाठी हा लेख आहे. इंग्रजी अक्षरओळख आणि साधी वाक्यं येत असतील तर पुढचं सगळं जमेल.

आधी एक गैरसमज

लांबलचक शब्द अवघड आणि छोटे सोपे, असं आपण धरून चालतो. 'फोटोसिंथेसिस' हा शब्द एकदा कळला की कायमचा कळला. वनस्पती उजेडात अन्न तयार करतात ती क्रिया, बस. तो कुठेही गेला तरी अर्थ बदलत नाही. 'सेट' या शब्दाचं तसं नाही. ऑक्सफर्डच्या मोठ्या कोशाची दुसरी आवृत्ती १९८९ मध्ये २० खंडांत निघाली. तिच्यात सर्वांत लांब नोंद 'सेट'ची होती: चारशेहून जास्त अर्थ, आणि एकट्या नोंदीचा मजकूर सुमारे ६०,००० शब्दांचा. पुढे कोशाची फेरतपासणी सुरू झाली तेव्हा 'रन'ने त्याला मागे टाकलं. नुसत्या क्रियापदाचेच ६४५ अर्थ निघाले.

यामागे साधं कारण आहे. जो शब्द जास्त हातांतून जातो त्याला जास्त कामं चिकटतात. जॉर्ज झिफ या अमेरिकी अभ्यासकाने १९४० च्या दशकात हीच गोष्ट आकड्यांनिशी मांडली: शब्द जितका वापरातला, तितके त्याचे अर्थ अधिक. त्याआधी १९३० मध्ये चार्ल्स ऑग्डेन यांनी परभाषकांसाठी ८५० शब्दांची 'बेसिक इंग्लिश' तयार केली होती. तिच्यात क्रियापदं फक्त १८. ऐकायला छान वाटतं. पण इतक्या थोड्या क्रियापदांत भागवायचं म्हणजे 'गिव्ह अप', 'पुट ऑफ', 'गेट ओव्हर' अशा जोड्यांवर सगळा भार टाकावा लागतो, आणि त्या जोड्या प्रत्येकी वेगळ्या शिकाव्या लागतात. शब्द कमी झाले, शिकण्याचं ओझं होतं तेवढंच राहिलं.

म्हणून ६४५ अर्थ पाठ करण्याच्या भानगडीत पडू नका. मातृभाषक तरी कुठे करतात? ते काही खुणा बघतात. त्या खुणा बघायची सवय लावून घेणं एवढंच आपलं काम.

पहिली पायरी: शब्द वाक्यात कुठे बसलाय?

मराठीत शब्दाचं रूपच त्याचं काम सांगतं. 'पुस्तक' हे नाम, 'वाचतो' हे क्रियापद, यात गफलत होत नाही. इंग्रजीत तोच शब्द रूप न बदलता दोन्ही कामं करतो आणि आपण कुठल्या कामावर आहोत हे फक्त जागेवरून सांगतो. 'अ बुक' म्हणजे पुस्तक, 'बुक अ सीट' म्हणजे जागा राखून ठेवणं. 'हर फेस' म्हणजे तिचा चेहरा, 'फेस द प्रॉब्लेम' म्हणजे अडचणीला तोंड देणं. (मराठीतही तोंडच आलं, पण असे योगायोग फार वेळा होत नाहीत.) शब्दाच्या आधी 'अ', 'द', 'माय', 'हर' असं काही आलं तर तो बहुधा नाम आहे. आधी 'टु', 'कॅन', 'विल' किंवा कर्ता आला तर क्रियापद.

काही शब्दांत हा फरक कानालाही कळतो. 'रेकॉर्ड' नाम असेल तर जोर पहिल्या अक्षरावर, क्रियापद असेल तर दुसऱ्यावर. 'प्रेझेंट' आणि 'ऑब्जेक्ट' यांचंही तेच. 'यूज' हा शब्द नाम असताना शेवटी 'स' ऐकू येतो, क्रियापद असताना 'झ'. 'क्लोज' म्हणजे 'जवळ' असताना शेवटी 'स', 'बंद करणे' असताना 'झ'. स्पेलिंग तेच असल्यामुळे केवळ वाचून शिकणाऱ्याला हे वर्षानुवर्षं कळत नाही.

नामाच्या बाबतीत आणखी एक बारीक खूण आहे आणि ती मला फार मोलाची वाटते. मागे 'अ' आहे का, शब्द अनेकवचनी आहे का, तेवढं बघा. नुसतं 'पेपर' म्हणजे कागद. 'अ पेपर' म्हणजे वर्तमानपत्र, प्रश्नपत्रिका किंवा शोधनिबंध. 'पेपर्स' म्हणजे कागदपत्रं. नुसतं 'ग्लास' म्हणजे काच, 'अ ग्लास' म्हणजे पेला, 'ग्लासेस' म्हणजे पेले नाहीतर चष्मा. नुसतं 'वर्क' म्हणजे काम, 'अ वर्क' म्हणजे कलाकृती किंवा ग्रंथ. 'अ' हा इवलासा शब्द आपण वाचताना गिळून टाकतो, कारण मराठीत त्याला जोडीदार नाही.

दुसरी पायरी: पुढे काय आलंय?

'गेट' घ्या. हा शब्द शिकवताना सगळे 'मिळणे' सांगून मोकळे होतात. पण नजर 'गेट'वरून काढून त्याच्या पुढच्या शब्दावर नेली की अर्थ आपोआप वेगळे होतात.

पुढे वस्तू आली तर मिळणं किंवा आणणं: 'आय गॉट अ लेटर', मला पत्र आलं. 'गेट मी अ चेअर', मला खुर्ची आणून दे.

पुढे विशेषण आलं तर होणं: 'गेट टायर्ड' म्हणजे दमणं, 'गेट अँग्री' म्हणजे रागावणं, 'इट इज गेटिंग डार्क' म्हणजे अंधार पडतोय.

पुढे ठिकाण आलं तर पोचणं: 'व्हेन डिड यू गेट होम?', घरी कधी पोचलास?

पुढे क्रियापदाचं तिसरं रूप आलं तर आपल्याला काहीतरी झालं: 'ही गॉट कॉट', तो पकडला गेला. 'वी गेट पेड ऑन फ्रायडे', आमचा पगार शुक्रवारी होतो. आणि मधे वस्तू, शेवटी तिसरं रूप, अशी रचना असेल तर काम दुसऱ्याकडून करून घेतलं: 'आय गॉट माय वॉच रिपेअर्ड', मी घड्याळ दुरुस्त करून घेतलं.

पुढे 'टु' आणि क्रियापद आलं तर संधी मिळाली: 'आय गॉट टु मीट हर', मला तिला भेटायला मिळालं. इथे मराठी अगदी खांद्याला खांदा लावून चालते. मात्र आधी 'हॅव' आलं की गाडी रुळ बदलते. 'आय हॅव गॉट टु गो' म्हणजे मला जायला मिळालं नव्हे, मला निघायलाच हवं.

दारावरची घंटा वाजली आणि कुणी 'आय विल गेट इट' म्हणालं तर त्याला काही मिळणार नाहीये. मी बघतो, मी दार उघडतो, एवढंच. फोन वाजल्यावरही हेच वाक्य येतं. 'आय डोन्ट गेट इट' म्हणजे कळत नाहीये.

'टेक' चंही असंच. पुढे वेळ आली की तो थेट आपला 'लागणे' होतो: 'इट टेक्स टू आवर्स', दोन तास लागतात. पुढे औषध आलं तर घेणं, वाहन आलं तर त्याने जाणं, 'अ सीट' आलं तर बसणं, 'नोट्स' आलं तर टिपून घेणं.

तिसरी पायरी: शेजारी कोण बसतं?

ब्रिटिश भाषाशास्त्रज्ञ जे. आर. फर्थ यांनी १९५७ मध्ये लिहून ठेवलं की शब्द ओळखायचा तर त्याची संगत बघा. आपल्याकडे माणसाबद्दल हे फार पूर्वीपासून म्हणतात, शब्दाबद्दल कुणी म्हटलं नव्हतं इतकंच.

पावसाला 'हेवी' चालतं, वाऱ्याला 'स्ट्राँग' लागतं. 'स्ट्राँग रेन' व्याकरणाने चुकीचं नाही, पण तसं कुणी म्हणत नाही. 'हेवी ट्रॅफिक' म्हणजे दाट वाहतूक, 'हेवी स्लीपर' म्हणजे गाढ झोपणारा माणूस, मग तो वजनाने काडीसारखा का असेना. यात तर्क शोधू नका. आपणही 'मुसळधार पाऊस' म्हणतो आणि 'मुसळधार वारा' म्हणत नाही.

मराठी माणसाच्या चुका सगळ्यात जास्त इथेच होतात, कारण आपल्या जोड्या वेगळ्या आहेत आणि आपण त्या नकळत इंग्रजीत नेऊन ठेवतो. आपल्याकडे सगळ्या कामाला 'करणे' पुरतं. चूक करतो, अभ्यास करतो, उपकार करतो. इंग्रजीत ते दोघांत वाटलेलं आहे. चुकीला 'मेक', गृहपाठाला 'डू'. निर्णयाला 'मेक', उपकाराला 'डू'. आवाज, योजना, प्रयत्न, तक्रार, फोन या सगळ्यांना 'मेक'. काम, कर्तव्य, व्यायाम, नुकसान यांना 'डू'. 'काहीतरी नवं तयार झालं तर मेक, नेमून दिलेलं पार पाडलं तर डू' असा ढोबळ नियम सांगतात. तो बऱ्याच वेळा चालतो, पण त्याच्यावर विसंबू नका. जोडीच लक्षात ठेवा.

याहून गमतीचा प्रकार दिशेचा. मराठीत विद्यार्थी परीक्षा देतो. इंग्रजीत विद्यार्थी परीक्षा 'टेक' करतो, ब्रिटिश असेल तर 'सिट' करतो, आणि परीक्षा 'गिव्ह' करतात ते शिक्षक. 'आय गेव्ह द एक्झाम' म्हटलं की परदेशी श्रोता तुम्हाला परीक्षक समजू शकतो. फोटो आपण काढतो, ते 'टेक' करतात. दिवा आपण लावतो आणि बंद करतो, ते 'टर्न ऑन' आणि 'टर्न ऑफ' करतात. 'ओपन' आणि 'क्लोज' दारं-खिडक्या, डोळे, दुकानं आणि फायलींसाठी. पंखा आणि टीव्ही यांना ते चालत नाही.

चौथी पायरी: शेपटाकडे लक्ष द्या

'अप', 'ऑफ', 'आउट', 'ऑन' हे चिमुकले शब्द क्रियापदाला शेपटासारखे जोडले की क्रियापदाचा मूळ अर्थ कुठल्या कुठे जातो. 'पुट' म्हणजे ठेवणे. 'पुट ऑफ' म्हणजे पुढे ढकलणे. 'पुट आउट' म्हणजे विझवणे. 'पुट ऑन' म्हणजे अंगात घालणे, वजन वाढणे, किंवा सोंग आणणे. 'पुट अप विथ' म्हणजे निमूट सोसणे. इथे 'ठेवणे' शोधत बसलात तर दिवस जाईल.

आणि खुद्द शेपूटही इमानदार नसतं. 'द सन इज आउट' म्हणजे सूर्य बाहेर आला, ऊन पडलं. 'द लाइट्स आर आउट' म्हणजे दिवे गेले. एकात उजेड आला, दुसऱ्यात उजेड गेला, शब्द तोच. 'हर बुक इज आउट' म्हणजे पुस्तक प्रसिद्ध झालं, 'द सीक्रेट इज आउट' म्हणजे गुपित फुटलं. सूर्य, पुस्तक आणि गुपित आधी कशाच्या तरी आड होते, ते बाहेर आले. दिवा मात्र असण्यातून बाहेर गेला. अशी माझी आपली समजूत आहे. ती शास्त्रीय असो नसो, लक्षात ठेवायला उपयोगी पडते.

'ऑफ' याच्याही वरचढ. 'द लाइट्स वेंट ऑफ' म्हणजे दिवे बंद झाले, पण 'द अलार्म वेंट ऑफ' म्हणजे गजर वाजायला लागला. 'द बॉम्ब वेंट ऑफ' म्हणजे स्फोट झाला, 'द मिल्क वेंट ऑफ' म्हणजे दूध नासलं. 'गजर बंद झाला' असं समजून झोपून राहिलेला माणूस मी पाहिलेला नाही, पण अनुवादात ही चूक हमखास दिसते. कर्ता कोण आहे ते बघितल्याशिवाय 'वेंट ऑफ'चा अर्थ लावायचा नाही, असं मी स्वतःला बजावून ठेवलं आहे.

शेपटाचा एक बसण्याचा नियमही आहे. 'टर्न ऑफ द फॅन' आणि 'टर्न द फॅन ऑफ' दोन्ही चालतं. पण पंख्याऐवजी 'इट' आलं तर ते मधेच बसलं पाहिजे: 'टर्न इट ऑफ'. 'टर्न ऑफ इट' चूक.

पाचवी पायरी: आपण कोणाच्या अंगणात आहोत?

शब्द एका क्षेत्रातून दुसऱ्यात गेला की त्याचा पोशाख बदलतो. 'सेंटेन्स' व्याकरणात वाक्य, न्यायालयात शिक्षा. 'पार्टी' करारात पक्षकार. 'कन्सिडरेशन' एरवी विचार, करारात मोबदला. नियमांच्या भाषेत 'मे' म्हणजे मुभा आहे आणि 'शॅल' म्हणजे बंधन आहे. रोजच्या बोलण्यात 'इट मे रेन' मधला 'मे' निव्वळ शक्यता सांगतो. 'एक्झिक्यूट' तर विलक्षणच. संगणकतज्ज्ञ प्रोग्रॅम एक्झिक्यूट करतो म्हणजे चालवतो, वकील करारपत्र एक्झिक्यूट करवतो म्हणजे सह्या होऊन ते रीतसर पूर्ण होतं, आणि कैद्याला एक्झिक्यूट केलं म्हणजे त्याला फाशी किंवा तत्सम देहदंड झाला.

वैद्यकात 'निगेटिव्ह' ही बहुधा चांगली बातमी असते: शोधत होते ते सापडलं नाही. तिथे 'क्रॉनिक' म्हणजे फार वाईट असं नव्हे, दीर्घकाळ चालणारं. 'अॅक्यूट' म्हणजे अचानक उद्भवलेलं आणि थोड्या काळाचं. संख्याशास्त्रात 'सिग्निफिकंट' म्हणजे महत्त्वाचं नव्हे, तर केवळ योगायोगाने असं घडण्याची शक्यता कमी आहे एवढंच. भौतिकशास्त्रात तर 'वर्क' म्हणजे बल आणि बलाच्या दिशेने झालेलं विस्थापन यांचा गुणाकार. डोक्यावर पेटी घेऊन तासभर स्थिर उभा राहिलेला माणूस पेटीवर शून्य 'वर्क' करतो. त्याला हे सांगायला जाऊ नका.

संगणकवाल्यांनी घरगुती शब्द उचलून वापरात आणले. 'माउस', 'विंडो', 'क्लाउड', 'पॅच', 'बग' हे ओळखीचे झाले. 'स्ट्रिंग' म्हणजे तिथे अक्षरांची माळ, 'लायब्ररी' म्हणजे तयार प्रोग्रॅमचा संग्रह. हे सगळं आधीपासून माहीत असायची गरज नाही. ओळखीचा शब्द वाक्यात खडा लागल्यासारखा टोचला, की 'हे कुठल्या विषयाचं पान आहे' असा प्रश्न विचारायचा.

सहावी पायरी: कोण कोणाशी बोलतंय?

१०६६ मध्ये नॉर्मन लोकांनी इंग्लंड जिंकलं आणि पुढची काही शतकं दरबाराची, न्यायालयाची भाषा फ्रेंच राहिली. शेतात, घरात लोक जुनी इंग्रजीच बोलत होते. त्यामुळे एकाच अर्थाचे दोन-दोन शब्द साठले: घरातला एक, दरबारातला एक. 'आस्क' घरातला, 'इन्क्वायर' दरबारातला. 'बाय' आणि 'पर्चेस', 'स्टार्ट' आणि 'कमेन्स', 'हेल्प' आणि 'असिस्ट', 'गेट' आणि 'रिसीव्ह' किंवा 'ऑब्टेन'. प्रत्येक जोडीतला मोठा शब्द फ्रेंच किंवा लॅटिन वळणाचा आहे.

मराठी माणसाला हे पटकन कळायला हवं, कारण संस्कृतच्या बाबतीत आपण हेच करतो. 'विचारणे' आणि 'पृच्छा करणे', 'पाणी' आणि 'जल', 'घर' आणि 'निवासस्थान'. मित्राला 'आपल्या निवासस्थानी कधी येऊ?' असं विचारलं तर तो हसेल. मित्राला 'आय शॅल कमेन्स माय जर्नी' लिहिलं तरी तोच प्रकार. नवशिक्यांचा कल मोठ्या शब्दांकडे असतो, मोठा शब्द म्हणजे चांगलं इंग्रजी असं वाटतं. अर्जात, अहवालात ते शोभतात. बोलताना छोटेच बरे.

सभ्यपणाच्या बोलीत तर शब्द आपला अर्थ घरी ठेवून येतात. 'आय अॅम अफ्रेड ही इज आउट' म्हणणारी व्यक्ती घाबरलेली नसते. 'माफ करा, ते बाहेर गेलेत' असं ती म्हणत असते. 'सॉरी?' असं प्रश्नार्थक स्वरात आलं तर 'काय म्हणालात?' आणि कुणाच्या निधनानंतर आलं तर सांत्वन. 'आय अॅम फाइन' हे 'कसे आहात'चं उत्तर असू शकतं आणि काही देऊ केल्यावर 'नको, राहू द्या' सुद्धा असू शकतं.

'वुड यू माइंड' ची मी स्वतः फी भरली आहे. एका प्रवासात एका परदेशी बाईंनी रिकाम्या जागेकडे बोट दाखवून विचारलं, 'वुड यू माइंड इफ आय सिट हिअर?' मी अगत्याने मान डोलावत म्हणालो, 'येस, येस!' त्या चमकल्या आणि पुढे जाऊन दुसरीकडे बसल्या. प्रश्न होता 'मी बसले तर तुमची काही हरकत आहे का?' आणि मी हसतमुखाने सांगितलं होतं, 'हो, हो!' परवानगी द्यायची असेल तर उत्तर 'नो, नॉट अॅट ऑल'.

सातवी पायरी: समुद्र ओलांडला का?

थोडक्यात सांगतो. बैठकीत ब्रिटिश माणसाने प्रस्ताव 'टेबल' केला म्हणजे चर्चेला आणला, अमेरिकी माणसाने 'टेबल' केला म्हणजे बाजूला ठेवला. ब्रिटनमध्ये 'फर्स्ट फ्लोअर' हा तळमजल्याच्या वरचा, अमेरिकेत तळमजलाच. ब्रिटिश 'पँट्स' आतले कपडे, अमेरिकी 'पँट्स' विजार. 'क्वाइट गुड' अमेरिकी तोंडी चांगलीच स्तुती असते, ब्रिटिश तोंडी अनेकदा 'ठीकठाक'. लेखक कुठला आहे हे कळलं की पुरे.

आठवी पायरी: घरात आलेले शब्द पुन्हा तपासा

मराठीत मुरलेले इंग्रजी शब्द फसवे असतात, कारण ते आपल्याला माहीत आहेत अशी खात्री असते. मराठीतलं 'हॉटेल' मुख्यतः खायचं ठिकाण, इंग्रजीतलं राहायचं. आपली 'लाइट गेली' म्हणजे वीज गेली, इंग्रजीत त्याला 'पॉवर' म्हणायचं. आपला 'डाउट' म्हणजे शंका विचारणं, 'आय हॅव अ डाउट' ऐकून ब्रिटिश वक्त्याला वाटेल की याचा आपल्या म्हणण्यावर विश्वास नाही. तिथे 'क्वेश्चन' म्हणावं. 'टेन्शन घेऊ नको' याचं 'डोन्ट टेक टेन्शन' करू नका, 'डोन्ट वरी' म्हणा. कॉलेजातून 'पास आउट' झालो म्हटलं तर बाहेरच्या देशात चक्कर येऊन पडलो असं समजतील. ईमेलमध्ये 'प्लीज रिव्हर्ट' म्हणजे आपल्याकडे उत्तर द्या, बाकी जगात 'पूर्वस्थितीला जा'.

'प्रीपोन' मात्र मला आवडतो. 'पोस्टपोन'ला जोडीदार हवाच होता, आणि आता ऑक्सफर्डच्या कोशानेही त्याला भारतीय इंग्रजीचा शब्द म्हणून जागा दिली आहे. इथल्या इथे बेलाशक वापरा, परदेशी माणसाला 'मूव्ह फॉरवर्ड' किंवा 'ब्रिंग फॉरवर्ड' म्हणा.

कोश कसा उघडायचा

कोशातला पहिला अर्थ घेऊन पळू नका. ऑक्सफर्डच्या त्या मोठ्या कोशात अर्थ कालक्रमाने लावलेले असतात. पहिला अर्थ सर्वांत जुना असतो, कदाचित आज कुणी वापरतही नसेल. शिकणाऱ्यांसाठीच्या कोशांत सहसा जास्त वापरातला अर्थ आधी येतो. असाच कोश घ्या. १९८७ मध्ये बर्मिंगहॅम विद्यापीठातल्या जॉन सिंक्लेअर यांच्या गटाने 'कोबिल्ड' कोश काढला. वर्तमानपत्रं, पुस्तकं, संभाषणं यांचा प्रचंड साठा संगणकात भरून, शब्द खरोखर कसे वापरले जातात ते पाहून तो बनवला होता आणि त्यातला अर्थही पूर्ण वाक्यात दिलेला असतो. आज जवळजवळ सगळे चांगले शिकाऊ कोश याच रीतीने बनतात.

माझी पद्धत अशी की अर्थाआधी उदाहरणं वाचायची. तुमच्या वाक्यासारखं दिसणारं, म्हणजे तेच शेपूट, तसाच कर्ता, तशीच पुढची वस्तू असलेलं उदाहरण सापडलं की त्याच्या वरचा अर्थ तुमचा.

एक करून बघू. कार्यालयातल्या चिठ्ठीत असं आलं: 'द मीटिंग रॅन ओव्हर, अँड वी आर रनिंग लो ऑन पेपर.' 'रन ओव्हर' कोशात शोधलं तर पहिल्यांदा गाडीखाली चिरडणं दिसतं. पण कर्ता मीटिंग आहे आणि पुढे कुणी चिरडलेलं नाही. पुढे कर्म नसलेलं उदाहरण शोधा: वेळेपेक्षा लांबणं. बैठक लांबली. दुसऱ्या भागात 'रनिंग'पुढे 'लो' हे विशेषण आहे, 'गेट'सारखीच रचना, म्हणजे 'होणे'कडे झुकणारा अर्थ. 'पेपर'च्या मागे 'अ' नाही, म्हणजे वर्तमानपत्र नव्हे, कागद. कागद संपत आलाय.

वही ठेवत असाल तर शब्दार्थाचे दोन रकाने आजपासून बंद करा. एका शब्दाला एक पान द्या आणि त्यावर फक्त पूर्ण वाक्यं लिहा, जिथे भेटली तिथली, कोण कोणाला म्हणालं त्यासकट. शेजारी मराठी लिहायचंच तर शब्दाचं नको, अख्ख्या वाक्याचं लिहा. आठवड्याला दोन-तीन पानं उघडली तरी खूप झालं. 'गेट', 'टेक', 'पुट', 'रन', 'सेट', 'मेक' यांनी सुरुवात करा.

माझ्या 'ऑफ'च्या पानावर सर्वांत वर हे वाक्य आहे, घरीच रचलेलं: 'शी टुक द डे ऑफ, स्विच्ड ऑफ हर फोन अँड सेट ऑफ बिफोर द अलार्म वेंट ऑफ.' त्याच्या शेजारी लिहिलंय: तिने दिवसभराची सुट्टी टाकली, फोन बंद केला आणि गजर वाजायच्या आतच ती निघाली.